दरवेश्याचे अस्वल, दादीचा मिठू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामू, एक सरकारी फॉर्म भरायचा आहे, महिना संपायच्या आत. त्यातली भाषा काही कळत नाही." घरात कोणाला सरकारी कागद कळला नाही की तो माझ्याकडे येतो. कविता कळली नाही तर मात्र कोणी येत नाही. मी विचारले, कसला फॉर्म? तर म्हणाला, पोपटाचा.

पोपट आफ्रिकेतला. अंगाने करडा, शेपटी लालभडक, आणि माणसासारखा बोलणारा. दोन वर्षांपूर्वी त्याने तो एका दुकानातून घेतला होता. किंमत ऐकली आणि मी गप्प बसलो. आमच्या धनजला एकरभर सोयाबीन विकून खर्च वजा जाता एवढे पैसे हातात येत नाहीत. फॉर्ममध्ये विचारले होते, जनावर कोणत्या जातीचे, कोठून आणले, कोणाकडून घेतले. भाच्याकडे दुकानाची पावतीसुद्धा नव्हती.

तो फॉर्म समजून घेता घेता मला आमच्या दादीचा मिठू आठवत राहिला. म्हटले, एकाच घरातले दोन पोपट. एकाला पन्नास वर्षांत कोणी काही विचारले नाही आणि दुसरा कधीच गुन्हेगार होऊन बसला, हे झाले कसे? म्हणून जमेल तेवढे कायदे धुंडाळले. त्यातूनच आजचे हे बोलणे.

माझा जन्म १९७० चा. कळायला लागल्यापासून आमच्या ओसरीवर तारेचा पिंजरा टांगलेला होता. आतला राघू बदलत गेला, नाव मात्र एकच, मिठू. दादी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची द्यायची. फजरची नमाज झाली की पिंजऱ्यावरचे फडके काढायची आणि तो 'सलाम, सलाम' करून घर उठवायचा. शेजारच्या आजींचा राघू 'राम राम' म्हणे. गावात अशी दहा-वीस घरे तरी असतील.

हे राघू यायचे बाजारातून. उन्हाळा लागायच्या सुमारास पारधी टोपलीत पिल्ले घेऊन बसायचे. झाडाच्या ढोलीतून काढलेली, अंगावर धड पिसेही न फुटलेली पिल्ले. टोपलीत दहा असली तर बाजार उठेपर्यंत दोन-तीन माना टाकत. घेणारा उरलेल्यांतले तरतरीत पाहून उचलायचा. मेलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नसे, आम्हीही ठेवला नाही.

मी नऊ वर्षांचा असेन. एका दुपारी दादी झोपलेली पाहून मी पिंजऱ्याचे दार उघडले. कुठल्या तरी सिनेमात पाहिले होते. मिठू बाहेर आला, वळचणीपर्यंतसुद्धा गेला नाही, अंगणात धप्पकन पडला. त्याचे पंख कातरीने कापलेले होते हे मला ठाऊक नव्हते. मी खाली उतरेपर्यंत मांजराने त्याला नेला. दादी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे मी पिंजरा आणि आकाश यांवर पुष्कळ कविता लिहिल्या. त्यातल्या एकीतही ते मांजर नाही.

असो. मुद्दा कायद्याचा आहे.

कोणी कोणते जनावर पाळावे यात सरकारने लक्ष घालायचे ही गोष्ट आपल्याकडे तशी नवीन. जुन्या काळी प्रश्न एवढाच होता, की पोसायची ऐपत आहे का. पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचे चित्र गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्याच चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये काढले. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा हा काही सह्याद्रीचा रहिवासी नव्हे. पुण्याच्या दृष्टीने तो परदेशीच. पण तो दाराशी बांधलेला असणे हे दौलतीचे लक्षण होते.

चित्त्यांचे तर विचारूच नका. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की वडिलांनी, म्हणजे अकबराने, हजारापर्यंत चित्ते जमवले होते. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, बैलगाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचे आणि पट्टी काढून सोडायचे, असा तो खेळ. खेळाची खरी गोम पुढे आहे. माणसाच्या ताब्यात चित्ता जवळजवळ वीतच नाही. बादशहाच्या वाड्यात एकदा बछडे झाले तर ती नवलाची गोष्ट म्हणून नोंदवली गेली. याचा अर्थ, पाळलेला प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणलेला. एक मेला की दुसरा आणा. बंदुकीने जनावर संपते हे सगळ्यांना दिसते. हौसेने पाळल्यानेही संपते, हे चित्त्याने दाखवले. शिकार होती, गवताळ राने नांगराखाली गेली हेही होते. पण या धरपकडीचा वाटा लहान नव्हता.

कोल्हापूर संस्थानात हा शौक विसाव्या शतकापर्यंत टिकला. तिथे चित्ते सांभाळणाऱ्याला चित्तेवान म्हणत. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून जहाजाने आणवले गेले. आज आपण ज्याला परदेशी जनावर पाळणे म्हणतो त्याचे महाराष्ट्रातले याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला नामिबियाहून आठ चित्ते आणले तेव्हा टीव्हीवर सोहळा चालला होता. मी कोल्हापूरच्या त्या जहाजांचा विचार करत होतो.

राजाला चित्ता पुरवायचा तर धरणारा माणूस लागतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत: फासे लावणारे फासेपारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकर, आणि चित्ते धरून शिकवणारे चितापारधी. म्हणजे राजवाड्यातला चित्ता आणि आमच्या दादीचा मिठू, दोघेही अखेर पारध्याच्याच हातून आलेले. आणि याच पारध्याला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. चित्ता विकत घेणाऱ्याला कोणी तसे ठरवले नाही.

इंग्रजांनी पाखरांसाठी कायदे केले, नाही असे नाही. १८८७ चा कायदा विणीच्या हंगामात नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत रानपाखरे बाळगण्या-विकण्यापुरता होता. १९१२ च्या कायद्याला यादी जोडलेली होती. ती वाचण्यासारखी आहे. माळढोक, बदके, रानकोंबडे, तितर, मोर, कबुतरे, लावे. शिवाय बगळे, नीलकंठ आणि खंड्या, कारण त्यांची पिसे विलायतेत बायकांच्या टोप्यांत जात. म्हणजे जे ताटात येते ते आणि जे टोपीवर येते ते. राघू यादीत नव्हता. तो खाण्याचा नव्हे आणि त्याचे पीस कोणाला नको होते. दादीच्या पिंजऱ्याकडे साहेबाने ढुंकूनही पाहिले नाही.

खरा बदल आणला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. या कायद्याला अनुसूची आहेत, म्हणजे याद्या. ज्याचे नाव यादीत, ते जनावर संरक्षित. 'शिकार' या शब्दाचा अर्थही मोठा केला. मारणे ही शिकार, तसे पकडणे हीसुद्धा शिकार. तरी सुरुवातीला परवाने मिळत आणि पाखरांचा व्यापारही चाले. १९९१ पर्यंत देशी रानपाखरांच्या व्यापाराचे दार बंद झाले आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. आपला राघू चौथ्या अनुसूचीत होता. बाजारातून तो घेणे, पिंजऱ्यात ठेवणे हा आता गुन्हा. पुढे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, इथवर गोष्ट गेली.

१९९१ मध्ये मी एकवीस वर्षांचा होतो, बी.ए.च्या परीक्षा देत होतो, रोज वर्तमानपत्र वाचत होतो. ओसरीवरचा मिठू त्या वर्षी बेकायदा झाला याचा मला पत्ताही नव्हता. दादीला असण्याचा प्रश्नच नाही. ती १९९४ मध्ये गेली. आपण काही चूक करतो आहोत असे तिला कधी वाटले नाही. उलट एक जीव जगवतो आहोत अशी तिची समजूत होती.

या कायद्यामागे जे शहाणपण आहे ते मी नाकारत नाही. टोपलीतली माना टाकलेली पिल्ले मी पाहिली आहेत. कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे. आमच्या भागात वावरात पाडस सापडले की लोक उचलून घरी आणत, बाटलीने दूध पाजत. आई टाकून गेली असे वाटे. खरे म्हणजे हरणी पाडसाला मुद्दाम गवतात दडवून चरायला जाते आणि परत येते. परत येते तोवर दयाळू माणसाने लेकरू उचलून नेलेले असते. कायदा नसता तर हे कोणी सांगितलेही नसते.

माझे भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. कायद्याच्या याद्या होत्या मुख्यतः आपल्या देशातल्या जनावरांच्या. बाहेरच्या जनावराचे काय? त्यासाठी साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७३ चा. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. पण तो करार पाहतो ते जनावर देशाची हद्द ओलांडते तेव्हा. विमानतळावर कस्टमवाल्याने पकडले तर पकडले. एकदा का ते शहरातल्या दुकानात पोचले, की आपला १९७२ चा कायदा त्याला जवळजवळ ओळखतच नव्हता.

याचा परिणाम असा झाला. अंगावर चांदण्या असलेले आपले देशी कासव घरी ठेवले तर गुन्हा. आणि डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव काचेच्या भांड्यात घालून पोरांना वाढदिवसाला द्या, कोणी विचारणार नाही. ते कासव पुढे ताटाएवढे होते, घरात नकोसे होते, आणि लोक पुण्य म्हणून जवळच्या तळ्यात सोडून देतात. तिथे ते देशी कासवांचा घास खाते. तीच गत पोपटांची. निंबावरचा राघू पिंजऱ्यात ठेवणारा चहावाला अपराधी. आणि दक्षिण अमेरिकेतला मकाऊ खांद्यावर बसवून फोटो काढणारा हौशी. इग्वाना आले, परदेशी अजगर आले, मुठीएवढी माकडे आली. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांतून असली जनावरे, काही जिवंत, काही मेलेली, अजूनही सापडतात.

जंगलातून ओरबाडलेले पिल्लू आफ्रिकेचे असो की वऱ्हाडाचे, टोपलीत तेवढेच गुदमरते. पण कायद्याने पन्नास वर्षे पाहिले ते त्याचे गाव.

आता दरवेश्याकडे येतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील.

दरवेशी हा शब्द मुळात फकिराचा. आपल्या मराठीत मात्र दरवेशी म्हटले की अस्वल घेऊन फिरणारा माणूस. ही माणसे मुसलमान. उत्तरेकडे त्यांनाच कलंदर म्हणतात. आमच्याकडे पिके निघाली की ते यायचे. डमरू वाजला की शाळा सुटल्यासारखी पोरे धावत. घाबरट पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवले की त्याची भीती जाते अशी समजूत होती. बाया अस्वलाचा केस मागून घेऊन ताइतात घालत. मागणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असे काही नसे. माझ्याही गळ्यात तसा ताईत होता. भीती गेली नाही, ते वेगळे.

त्या अस्वलाच्या नाकातून दोरी आरपार गेलेली असे, हे आम्ही पाहत होतो आणि दिसत नव्हते. अगदी लहानपणी तापलेल्या सळईने नाक टोचायचे, दात तोडायचे, नखे कापायची. दोरी ओढली की ते मागच्या पायांवर उठते ते दुखते म्हणून. त्याला आम्ही नाच म्हणत होतो.

१९७२ च्या कायद्यानंतर रानातून अस्वल धरणे बंदच होते, पण गावोगाव खेळ चालू होते. मग केंद्र सरकारने ऑक्टोबर १९९८ मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पुढे वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था आणि वनखाते यांनी देशभरातून सहाशेच्या वर अस्वले सोडवली. २००९ च्या अखेरीस शेवटचे नाचणारे अस्वलही त्यांच्या आसऱ्याला गेले असे जाहीर झाले. या संस्थेने कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले, पोरांच्या शाळेकडे पाहिले, हेही सांगायला हवे. हे काम चांगले झाले. मला त्या डमरूची आठवण गोड वाटते; तरीही चांगलेच झाले.

पण महाराष्ट्र सरकारची भटक्या जमातींची यादी काढून पाहा. तिच्यात 'दरवेशी, वाघवाले-शाह, अस्वलवाले' अशी नावे आहेत. मुस्लिम मदारी, गारुडी, सापवालेही आहेत. म्हणजे दाखल्यावर सरकारी शिक्क्यासह लिहिलेले असते, की हा अस्वलवाला. आणि अस्वल ठेवले तर तुरुंग. जमात आहे, जमातीचे नाव आहे, पोट आहे. नावातले जनावर तेवढे गेले.

परदेशी जनावरांकडे सरकारचे लक्ष वळायला २०२० उजाडले. त्या वर्षी जूनमध्ये केंद्राने सूचना काढली: साइट्सच्या यादीतली परदेशी जनावरे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी सहा महिन्यांत आपणहून कळवावे, कागदपत्रे विचारली जाणार नाहीत. मग २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सची यादीच नवी चौथी अनुसूची म्हणून कायद्यात आली. ज्या चौथ्या अनुसूचीत पूर्वी आमचा राघू होता तिथे आता मकाऊ आणि करडा पोपट बसले. राघू दुसऱ्या अनुसूचीत गेला. शेवटी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम आले. जवळ असलेले जनावर सहा महिन्यांत नोंदवा, नंतर घेतले तर तीस दिवसांत. वीण झाली तर कळवा, मेले तर कळवा, दुसऱ्याला दिले तर कळवा. भाच्याचा फॉर्म तो हाच.

आफ्रिकेतला करडा पोपट २०१७ पासून साइट्सच्या सगळ्यात कडक यादीत आहे, कारण पिंजऱ्यांची हौस भागवता भागवता आफ्रिकेतली राने ओस पडत चालली. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण दुकानदार म्हणाला होता, परदेशी आहे, लीगल आहे." दुकानदार अगदीच खोटे बोलला नव्हता; तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत परदेशी म्हणजे मोकळाच. पावतीसाठी भाच्याने त्याला पाच-सहा वेळा फोन लावला. तो उचलत नाही.

आम्ही होते तेवढे खरे लिहून नोंदणी केली. आता तो पोपट सरकारदरबारी आहे. दादीच्या मिठूला अशी नोंदणीची खिडकी कधी उघडली गेली नाही. आता जो कोणी चुकून किंवा जाणून राघू बाळगून असेल, त्याने तो वनखात्याकडे द्यायचा. पण एक विनंती करतो, पकडले जाऊ या भीतीने पिंजऱ्याचे दार उघडून त्याला सोडून देऊ नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे. तिथे जखमी, पाळलेली पाखरे आधी उडण्याजोगी करतात, मग सोडतात. त्याला वेळ लागतो. पंख कापलेल्या राघूला अंगणात सोडले की काय होते ते मी सांगितलेच आहे.

मागच्या हिवाळ्यात कारंज्याला नात्यातल्या एका लग्नात एक म्हातारे दरवेशी भेटले. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी अस्वल घेऊन अकोला, यवतमाळ पायी फिरलेले. त्यांचे अस्वल १९९६ मध्ये म्हातारे होऊन मेले. मग नवे आणले नाही, दिवस बदलले होते. मुलगा आता सेंटरिंगच्या कामावर जातो. मी त्यांना आग्र्याजवळच्या केंद्राची माहिती सांगत होतो, तिथे सुटका केलेली अस्वले कशी ठेवली आहेत ते. ते नीट ऐकत होते. मग विचारले, "खायला काय देतात त्यांना?"

मी म्हटले, "दलियाची खीर देतात चाचा, फळे देतात. कलिंगड वगैरे."

"गरम तर नाही देत ना खीर?" ते म्हणाले. "दात नसतात त्यांना. नाकाला चटका बसतो. आम्ही थंड करून द्यायचो."

मला ते माहीत नव्हते. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि जेवायच्या पंगतीकडे पाहत बसले.